लिंबांची पंगत

लालबागच्या चाळीत एखाद्या नव्या सुनेनं विचारलं, "सुभद्राकाकी, तुम्ही कामाला कुठे?" तर सुभद्रा परब सांगायची, "परळला, कॉलेजात. लिंबांना पाणी घालते." पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. हसू देत. पाणी घालण्यात कसलं आलंय काम, असं त्यांना वाटायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

कॉलेजच्या गच्चीवर हिरव्या जाळीचं एक घर होतं. आत कागदी लिंबाची रोपं, कुंड्यांतून वाढवलेली, दोन रांगांत समोरासमोर मांडलेली. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसानं सुभद्राला पहिल्या दिवशी तिथं नेऊन सोडलं, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "अगो बाय, पंगतच बसलीय ही." बोलली ती सहजच. पण घोळ झाला तो तिथंच. पंगत दिसली की सुभद्राचं डोकं थांबतं आणि हात चालायला लागतात, आणि त्याला ती तरी काय करणार? तिचं बाळपण वाढपात गेलं होतं.

तिची आई शांता गिरणीवाल्यांची खानावळ चालवायची. खोली एक, त्यात पाळी सुटेल तशा पंगती उठायच्या नि बसायच्या. फ्रॉकातली सुभद्रा हातात आमटीची कासंडी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकत जायची. शांताचा एक नेम होता आणि त्याचं तिला भारी कौतुक होतं. ऐन वेळी कुणाचा गाववाला आला, भाऊ आला, तर ती कुणाला कमी आणि कुणाला जास्त असं करायची नाही. सरळ आमटीत पाणी घालायची, मीठ मारायची आणि सगळ्यांना सारखी वाढायची. "पंक्तिप्रपंच केलो तर अन्न अंगाक लागना नाय," म्हणायची. पातळ तर पातळ, पण सगळ्यांच्या पानावर एकच. साऱ्या लालबागेत तिचं नाव होतं यासाठी.

नाव होतं खरं. पण त्या खानावळीत गौतम म्हणून एक जण यायचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, कुणाच्या तरी ओळखीनं आलेला. बौद्ध होता. त्याचं पान शांता उंबऱ्याशी मांडायची, जरा आडोशाला. तो ताट आपलं आपण धुवायचा. आणि सुभद्रा कासंडी घेऊन त्याच्याशी पोचली की मागून आईचा आवाज यायचा, "तेका वरसून वाढ गो." वरून म्हणजे उभ्यानं, हात लांब ठेवून, भांडं ताटाला लागू न देता. तशी वाढली की आमटी उडायची. त्याच्या शर्टावर उडायची. एके दिवशी अशीच उडाली, तेव्हा गौतमनं वर बघितलं. सुभद्राकडे नाही, भांड्याकडे. मग अर्ध्या जेवणावरून उठला, ताट धुतलं, पालथं घातलं आणि गेला. परत काही आला नाही. शांता म्हणाली, "गेलो तर गेलो." सुभद्रा कासंडी घेऊन पुढल्या पानाशी गेली. पोर होती ती, तिला कोण विचारतंय.

पुढे गिरण्या गेल्या, खानावळ गेली, शांता गेली, सुभद्राचा नवराही गेला. ते पालथं घातलेलं ताट तेवढं राहिलं.

तर ही लिंबांची पंगत होती आकांक्षाची. आकांक्षा नायगावची, घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. डॉक्टरेट करत होती. काम असं होतं की लिंबाला खैऱ्या नावाचा रोग पडतो, पानावर नि फळावर खैराच्या रंगाचे खरबरीत डाग उठतात, पान गळतं. त्यावर एक नवं औषध कितपत चालतं ते तिला तपासायचं होतं. पोरगी कामाला वाघीण. दुपारी वडापाव खात खातच पानं मोजायची. सुभद्राला मावशी म्हणायची आणि मावशीनं विचारलं की सांगायची, हातातलं टाकून सांगायची. अशी माणसं कॉलेजात कमीच असतात.

"हे औषध रोगाला मारत नाही, मावशी," तिनं सांगितलं होतं. "झाडाला जागं करतं. रोग यायच्या आधी मुळाशी घालायचं. मग झाडाला वाटतं, कुणीतरी येतंय. ते आपली दारंखिडक्या लावून बसतं. नंतर रोग आला तरी आत शिरायला त्याला जड जातं."

"मग रोज का नाय घालायचं?"

"जागं राहायला ताकद लागते ना. सारखं जागं ठेवलं तर वाढच खुंटते. रात्रपाळी करणाऱ्याच्या अंगावर मांस चढतं का कधी?"

हे सुभद्राला पटकन कळलं. तिचे वडील जन्मभर रात्रपाळीला होते.

मग आकांक्षानं दोन कॅन दाखवले. एकाला लाल पट्टी, त्यात औषध. दुसऱ्याला निळी, त्यात नळाचं साधं पाणी. कुंड्यांनाही तशाच पट्ट्या. लाल रांगेला लालमधलं, निळ्या रांगेला निळ्यामधलं, मापाच्या पेल्यानं, दर सोमवारी. सोमवारी ती स्वतः शीवच्या बाजूला दुसऱ्या एका संस्थेत यंत्रावर पानं तपासायला जायची, म्हणून सकाळी येऊन कॅन भरून ठेवायची आणि ओतायचं काम मावशीवर सोपवायची. कागदोपत्री ते काम डॉक्टर हर्षवर्धन सरांच्या देखरेखीखाली व्हायचं. सर म्हणजे तिचे गाइड. देखरेख कसली, उंटावरून शेळ्या हाकणं. गच्चीवर ऊन लागतं म्हणून खालीच एसीत बसून सही करायचे.

"आणि ह्या निळ्यांना का नाय द्यायचं?" सुभद्रानं विचारलं.

"त्यांना दिलं नाही तरच कळेल ना, यांना फरक पडला की नाही ते."

"आणि रोग? तो लाल रांगेलाच लावणार ना?"

"नाही ओ. रोग सगळ्यांना."

झालं. सगळ्यांना टाचणीनं टोचून रोगाचं पाणी मारणार, पण अर्ध्यांना आधी ढाल देणार आणि अर्ध्यांना नळाचं पाणी. आणि वाढणार कोण, तर ती. त्यातच त्या दिवशी आकांक्षाचा फोन वाजला. तिनं उचलला आणि म्हणाली, "जय भीम, मामा, बोला." सुभद्राच्या हातातला पेला तसाच राहिला. म्हणजे ही त्यांच्यातली. त्या दिवसापासून ती आकांक्षासाठी डब्यात एक भाकरी जास्त आणायला लागली, एकाच डब्यातून दोघी जेवायच्या, आणि जेवताना सुभद्राला इतकं बरं वाटायचं की काही विचारू नका. आकांक्षा बिचारी भाकरी चांगली झालीय म्हणून खायची. तिला काय माहीत, आपण कुणाच्या ताटात जेवतोय ते.

पहिल्या सोमवारी सुभद्रानं लाल रांग उरकली. मग निळा कॅन घेऊन पलीकडे गेली आणि उभ्यानं ओतलं. पाणी उडालं, पानांवर उडालं. तिथंच ती थांबली. मग तिनं कोपऱ्यातली बादली ओढली, लाल कॅनमध्ये उरलं होतं ते त्यात ओतलं, निळ्यातलंही ओतलं, हातानं ढवळलं आणि निळ्या रांगेला घातलं. पुढल्या सोमवारपासून तर तिनं आधीच दोन्ही कॅन बादलीत रिकामे केले. औषध निम्मं झालं खरं. पण पातळ तर पातळ, सगळ्यांना एकच. शांताची लेक ती, दुसरं काय करणार?

आणि तिला वाटलं काय, ठाऊक आहे? आपण पुण्य केलं. बाई घरी जाताना चिवडा गल्लीतून अर्धा किलो फरसाण घेऊन गेली.

मग रोग लावला. थोड्या दिवसांनी पानांवर डाग उठले. लाल रांगेत उठले, निळ्या रांगेतही उठले, सगळीकडे सारखेच. ना कुणी धड वाचलं, ना कुणी साफ मेलं. अर्धवट जागी असलेली झाडं अर्धवट आजारी पडली. आकांक्षा जाळीघरात या कुंडीकडून त्या कुंडीकडे फिरत राहिली आणि दुपारी ती डब्याशी आलीसुद्धा नाही. त्यात यंत्रावरची तपासणी आली. साधं पाणी प्यायलेल्या झाडांच्या पानांतही जागेपणाच्या खुणा सापडल्या होत्या. ज्यांना औषध दिलंच नाही, ती झाडं दारंखिडक्या लावून बसली होती.

सरांनी मीटिंग घेतली. सुभद्रा चहाचा ट्रे घेऊन आत गेली तेव्हा ते शांतपणे बोलत होते, आणि शांतपणे बोलणारा माणूस किती खोल कापतो ते त्या दिवशी तिनं पाहिलं. "लेबलं तरी नीट वाचता येतात ना तुम्हाला? ॲडमिशन मिळणं सोपं असतं, आकांक्षा. पुढचं काम स्वतःला करावं लागतं, तिथं सवलत नाही." टेबलाभोवती सगळे आपापल्या कागदांत बघत बसले. आकांक्षा म्हणाली, "सर, मी पट्ट्या परत तपासते." एवढंच. सुभद्रानं कप ठेवले, एकेक, टेबलाला टेकवून, आणि बाहेर आली. बोलायला हवं होतं तिनं. तोंड उघडलं नाही. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस दारातच उभा होता आणि नोकरी जाण्याची भीती ही फार लबाड चीज असते. ती माणसाला सांगते, आज नको, उद्या बोल.

तो उद्या यायला आठवडा गेला. आठवडाभर पोरगी कुंड्या उलट्यासुलट्या करत राहिली. पट्ट्या काढून परत लावल्या, कॅन धुऊन तपासले, स्वतःच्याच हाताला बोल लावत राहिली. "मावशी, मीच कधीतरी कॅन भरताना चुकले असेन," म्हणाली, आणि तिच्या डोळ्याखाली काळं आलेलं बघून सुभद्राला राहवलं नाही. तिथंच, कुंड्यांच्या मधे उभं राहून तिनं सगळं सांगून टाकलं. बादली, ढवळणं, सगळं. आणि मग, देव जाणे का, गौतमचंही सांगितलं. उंबऱ्याशी पान, वरून वाढणं, उडलेली आमटी, पालथं ताट. सांगता सांगता रडायला लागली. तिला वाटलं होतं, आकांक्षा आता तिचा हात धरील.

आकांक्षानं हात धरला नाही. ती बादलीकडे बघत होती.

"हे मला का सांगताय, मावशी?"

सुभद्रानं पदरानं तोंड पुसलं.

"औषधाचं सांगितलंत ते बरं केलंत. पण हे दुसरं. तुमच्या आईच्या पंगतीचं प्रायश्चित्त तुम्ही माझ्या ताटात घेतलंत? माझी फेलोशिप संपत आलीय. दोन वर्षं मी या झाडांमागं आहे. आमच्यातल्या एकाला तुम्ही उठवलंत पानावरून, म्हणून आता दुसरीला उठवायचं?" आवाज चढवला नाही तिनं. "आणि एक सांगू? कुणाला काय मिळालं, हा प्रश्नच नव्हता. काम संपलं की ही सगळी रोपं वाफेच्या त्या मोठ्या कुकरात जाणार होती. औषध घेतलेलीही आणि न घेतलेलीही. रोग बाहेर जाऊ नये म्हणून. एकही वाचणार नव्हतं."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात. इथं तर मारुतीसुद्धा झाला नाही, नुसता चिखल झाला.

पण आकांक्षा रडत बसणाऱ्यांतली नव्हती. डोळे कोरडे करून म्हणाली, "चला. सरांना सांगू. झालेलं समोर आलं तर मला आणखी एक हंगाम मिळेल. मी परत करीन सगळं." आणि सुभद्राला घेऊन ती खाली गेली. जिना उतरताना सुभद्रा मनाशी घोकत होती, सगळं सांगायचं, काही ठेवायचं नाही, नोकरी गेली तर गेली.

सरांनी ऐकून घेतलं. मग खुर्चीत मागं रेलून त्यांनी आकांक्षाकडे बघितलं. "मावशींना हे बोलायला तू सांगितलंयस?"

"सर?"

"नाही, विचारतोय. चूक कुणावर तरी ढकलायची तर कॉन्ट्रॅक्टची बाई बरी पडते." मग सुभद्राकडे वळले, अगदी आपुलकीनं. "मावशी, घाबरू नका. नीट आठवून सांगा. असं आहे बघा, तुम्ही दर सोमवारी मुद्दाम हे केलं असेल तर ते साधं नाही. संस्थेचं नुकसान आहे, मला पोलिसांपर्यंत जावं लागेल. आणि ते मी करायचं म्हटलं तर दर सोमवारी मी हजर होतो अशी माझी सही आहे, म्हणजे मी तुम्हाला बघितलं असतं. बघितलं नाही मी. तेव्हा, चुकून एखाद्या वेळी सांडमिसळ झाली असेल. एखाद्या वेळी. होय ना?"

खोलीत एसीचा आवाज येत होता. आकांक्षा तिच्याकडे बघत होती. सगळं त्या एका उत्तरावर होतं, आणि ते सुभद्रालाही कळत होतं, कळत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. दर सोमवारी, एवढं म्हटलं की पोरगी सुटत होती. एकदाच, म्हटलं की सगळा दोष पोरीवर येत होता, कारण एका वेळच्या सांडण्यानं अख्खी रांग जागी होत नाही.

"एखाद्या वेळी," सुभद्रा म्हणाली. "झालं असेल."

कबुलीतही पाणीच घातलं तिनं. हाडामासाची सवय, जाते कुठे?

आकांक्षानं वर बघितलं, तिच्या तोंडाकडे नाही, हातांकडे. मग खुर्ची मागं सारली, नीट टेबलाखाली ढकलली आणि निघून गेली. गच्चीवर आपलं सामान आवरलं, मापाचे पेले धुतले, फडक्यावर पालथे घातले. सुभद्रा जाळीच्या दारात उभी राहून बघत होती. "आकांक्षा," ती म्हणाली. आकांक्षानं पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरली. दुसऱ्या दिवशीचा डबा सुभद्रानं दोघींचाच आणला होता. तो तसाच परत गेला.

रोपं कुकरात गेली. सुभद्रानंच ती पिशव्यांत भरली, लाल पट्टीची, निळ्या पट्टीची, सगळी एकातच कोंबली. तिथं कुणी तिला रांगा पाळायला सांगितलं नाही. आकांक्षा कुठल्याशा क्लासमध्ये बारावीच्या पोरांना शिकवते, असं नायगावकडून येणाऱ्या एका शिपायानं सांगितलं. सरांनी वरती कळवलं की विद्यार्थिनीच्या हाताळणीत दोष होता. सुभद्राचं कॉन्ट्रॅक्ट मात्र न मागता वाढलं. सरांनी स्वतः शब्द टाकला म्हणे. गप्प बसणाऱ्या माणसाला अशी बक्षिसं मिळतात, आणि ती परत करायला कुठली खिडकी नसते.

पुढच्या वर्षी ध्रुव आला. चांगल्या घरचा, हसरा पोरगा, स्वभावाला वाईट मुळीच नाही. तेच काम, तेच औषध, नवी रोपं. दोन कॅन, लाल आणि निळा. त्यानं समजावायला सुरुवात केली तेव्हा सुभद्रा म्हणाली, "माहीत आहे." आणि तिनं लालमधलं लाल रांगेला घातलं, निळ्यामधलं निळ्या रांगेला. दर सोमवारी. एक थेंब इकडचा तिकडे होऊ दिला नाही. बादली तर तिनं गच्चीवरून खाली नेऊन ठेवली होती.

रोग लावला तेव्हा लाल रांग तगली. निळ्या रांगेची पानं खैरी झाली, वळली, कुंडीत पडली. आकांक्षा म्हणाली होती, अगदी तसंच. सगळे खूश झाले, पेढे वाटले, सरांनी सुभद्राच्या हातावरही एक ठेवला. कामाचा मोठा कागद छापून भिंतीवर लागला, वर सरांचं नाव, खाली ध्रुवचं. सुभद्राला इंग्रजी वाचता येत नाही. तिनं ध्रुवला विचारलं, "यात आकांक्षाचं नाव कुठे आहे?"

"कोण आकांक्षा, मावशी?" तो म्हणाला. खरंच माहीत नव्हतं त्याला.

आता तिसरी खेप चालू आहे. सोमवारी सकाळी कॅन भरलेले असतात. लाल रांग सुभद्रा उभ्याउभ्या उरकते. निळ्या रांगेशी आली की गुडघे बोंबलत असले तरी खाली बसते, पेला कुंडीच्या काठाला टेकवते आणि मग पाणी सोडते. नळाचं साधं पाणी. एकेका कुंडीशी बसायचं, उठायचं, परत बसायचं.

ध्रुवनं एकदा बघितलं. "मावशी, उभ्यानं ओतलं तरी चालतं."

"चालतं," सुभद्रा म्हणाली, आणि पुढच्या कुंडीशी जाऊन बसली.